अणुदुर्घटनेनंतर दूध-भाजीची बेकरेल मर्यादा कशी काढायची: पुण्याच्या ताटावरून मांडलेला हिशोब

दुधाच्या टँकरमधल्या नमुन्यात लिटरमागे ९० बेकरेल (म्हणजे सेकंदाला ९० अणूंचं विघटन) किरणोत्सारी सीझियम निघालं, तर टँकर उतरवून घ्यायचा की परत पाठवायचा? यंत्राकडे याचं उत्तर नसतं. ते ९० एवढंच सांगतं. उत्तर असतं आधी ठरवलेल्या मर्यादेत, आणि ती मर्यादा निसर्गाने आखून दिलेली नसते. कोणीतरी टेबलाशी बसून, काही गोष्टी गृहीत धरून ती काढलेली असते.

देशोदेशीचे आकडे पाहिले की हे लगेच कळतं. सर्वसाधारण अन्नात सीझियमला जपानची आजची मर्यादा किलोला १०० बेकरेल आहे. आंतरराष्ट्रीय अन्नव्यापारासाठी कोडेक्सची, म्हणजे जागतिक अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची, १०००, आणि युरोपीय संघाने पुढच्या अपघातासाठी तयार ठेवलेली १२५०. चेर्नोबिलनंतर स्वीडनने ३०० ठेवली होती, पण १९८७ मध्ये रेनडिअर, शिकारीचं मांस आणि गोड्या पाण्यातल्या माशांसाठी ती १५०० केली. नॉर्वेने १९८६ च्या नोव्हेंबरात रेनडिअरच्या मांसाला थेट ६००० पर्यंत मुभा दिली. भौतिकशास्त्र सगळीकडे एकच. फरक पडतो तो तीन प्रश्नांच्या उत्तरांत: वर्षाला किरणोत्साराचा किती डोस चालवून घ्यायचा, माणूस काय आणि किती खातो, आणि त्यातलं किती दूषित असेल.

भारतात अधिकृत आकडा अणुऊर्जा नियामक मंडळ आणि अन्न सुरक्षा प्राधिकरण यांच्याकडूनच येणार, जिल्ह्याने स्वतःची मर्यादा जाहीर करायची नसते. तरी दूध संघाच्या प्रयोगशाळेला, बाजार समितीला आणि जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाला हा हिशोब यायला हवा. पुण्यापासून तारापूरचं अणुवीज केंद्र सरळ रेषेत १९० किलोमीटरच्या आसपास, मुंबईतल्या तुर्भ्याच्या (ट्रॉम्बे) संशोधन अणुभट्ट्या साधारण ११०. घाबरावं असं हे अंतर नाही, पण वरून आलेला आकडा कशाच्या आधारावर उभा आहे हे वाचता येण्याइतकी तयारी असलीच पाहिजे.

सूत्र

मर्यादा (बेकरेल/किलो) = डोस ÷ (वर्षाला खाल्लेले किलो × दूषित वाटा × डोस गुणांक)

सिव्हर्ट हे शरीराला लागलेल्या डोसचं एकक. डोस मायक्रोसिव्हर्टमध्ये घ्या, म्हणजे शून्यांचा घोळ होत नाही. १ मिलिसिव्हर्ट म्हणजे १००० मायक्रोसिव्हर्ट. डोस गुणांक म्हणजे एक बेकरेल पोटात गेल्यावर पुढच्या आयुष्यात मिळून लागणारा डोस. आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाचे नेहमी लागणारे आकडे, मायक्रोसिव्हर्ट प्रति बेकरेलमध्ये, असे:

सीझियम-१३७: प्रौढ ०.०१३, तान्हं मूल ०.०२१
सीझियम-१३४: प्रौढ ०.०१९, तान्हं मूल ०.०२६
आयोडीन-१३१: प्रौढ ०.०२२, तान्हं मूल ०.१८
स्ट्रॉन्शियम-९०: प्रौढ ०.०२८, तान्हं मूल ०.२३
प्लुटोनियम-२३९: प्रौढ ०.२५, तान्हं मूल ४.२

दोन्ही आकडे शेजारी ठेवून वाचा. सीझियममध्ये मूल आणि प्रौढ यांच्यात दुपटीचाही फरक नाही, कारण लहान शरीर सीझियम लवकर बाहेर टाकतं. आयोडीन आणि स्ट्रॉन्शियममध्ये मात्र फरक आठपटीचा. त्यामुळे ‘मुलांसाठी सगळंच दहापट कडक’ हा सरसकट नियम चुकीचा ठरतो. कुठे कडक व्हायचं ते समस्थानिकावर, म्हणजे किरणोत्सारी मूलद्रव्याच्या प्रकारावर, अवलंबून आहे.

डोस किती धरायचा

पहिल्या काही आठवड्यांत अन्नाची टंचाई आणि मोजणीची बोंब असते, म्हणून जास्त डोस धरतात. घडी बसली की तो खाली आणतात. फुकुशिमाच्या अपघातानंतर जपानने १७ मार्च २०११ ला तात्पुरत्या मर्यादा लावल्या तेव्हा सीझियमसाठी वर्षाला ५ मिलिसिव्हर्ट धरले होते: धान्य, भाजी, मांस, अंडी, मासे ५०० बेकरेल, दूध आणि पाणी २००. १ एप्रिल २०१२ पासून डोस १ मिलिसिव्हर्टवर आणला, तेव्हा सर्वसाधारण अन्न १००, दूध आणि बालकांचं अन्न ५०, पिण्याचं पाणी १० असे आकडे झाले.

पाण्याचा वाटा आधी बाजूला काढायचा. पाणी सगळेच पितात, त्याला पर्याय नाही, आणि १० बेकरेलचं पाणी वर्षभर प्यायलं तर साधारण ०.१ मिलिसिव्हर्ट खर्ची पडतो. अन्नासाठी उरतात ९०० मायक्रोसिव्हर्ट. आपणही तेवढेच धरू.

ताट मांडा

चुका होतात त्या इथे. कोडेक्सने प्रौढाला वर्षाला ५५० किलो अन्न आणि त्यातलं फक्त १० टक्के दूषित असं धरलं आहे. आयात करणाऱ्या देशासाठी ते ठीक, कारण दूषित प्रदेशातून येणारा माल त्यांच्या ताटात थोडाच असतो. पण ढग आपल्याच डोक्यावरून गेला असेल तर तो १० टक्क्यांचा आकडा उचलून इथे लावता येत नाही. कोडेक्सचे १००० बेकरेल ‘जगाने मान्य केलेली सुरक्षित पातळी’ म्हणून सांगणारे भेटतील. त्यांना एवढंच विचारायचं: दूषित वाटा किती धरलाय?

पुण्याचं ताट गटागटाने मांडू. खालचे आकडे नमुन्यादाखल आहेत, खऱ्या कामात आहार सर्वेक्षणातले घ्या.

दूध-दही रोज २५० ग्रॅम, म्हणजे वर्षाला ९१ किलो. दूध जिल्ह्यातलं आणि शेजारच्या तालुक्यांतलं, म्हणून वाटा ०.९ धरला. दूषित धरायचे ८२ किलो.
भाजी रोज ३०० ग्रॅम, वर्षाला ११० किलो. पुरंदर, हवेली, जुन्नर, आंबेगावचा माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात येतो, पण बटाटा बराचसा बाहेरचा. वाटा ०.७, म्हणजे ७७ किलो.
धान्य-डाळी रोज ४०० ग्रॅम, वर्षाला १४६ किलो. गहू मध्य प्रदेशचा, तूर मराठवाड्याची किंवा कर्नाटकची, शिवाय बरंचसं अपघाताआधी काढून गोदामात पडलेलं. वाटा ०.१, म्हणजे १५ किलो.
फळं, अंडी, मटण-मासे मिळून रोज १५० ग्रॅम, वर्षाला ५५ किलो. वाटा ०.५, म्हणजे २७ किलो.

बेरीज २०१ किलो. आता गुणांक. फुकुशिमात सीझियम-१३४ आणि १३७ सुरुवातीला जवळपास सारख्या प्रमाणात पडले. तसंच इथे धरलं तर सरासरी ०.०१६.

९०० ÷ (२०१ × ०.०१६) = २८०

म्हणजे शहरातल्या, कोथरूडच्या घराला किलोला २८० बेकरेल चालतील. पण हाच हिशोब वेल्ह्याच्या किंवा पुरंदरच्या, घरचंच दूध आणि शेतातलंच धान्य-भाजी खाणाऱ्या कुटुंबासाठी करा. सगळे वाटे १ होतात, किलो होतात ४०२:

९०० ÷ (४०२ × ०.०१६) = १४०

मर्यादा निम्म्यावर आली. सरासरी ग्राहकाचं ताट धरून काढलेली मर्यादा, पिकवणाऱ्याला त्याच्या दुप्पट डोस देऊन जाते. म्हणून नियम असा ठेवावा: वेगवेगळ्या गटांची मर्यादा काढायची आणि सगळ्यात लहान निघेल ती घ्यायची. जपाननेही वयोगटागणिक हिशोब केला. सगळ्यात कडक आकडा तान्ह्या मुलांचा निघाला नाही. तो निघाला १३ ते १८ वयाच्या मुलग्यांचा, १२० बेकरेल, कारण त्या वयात खाणंच जबर असतं. तो खालच्या गोल आकड्यावर आणून १०० केला. आकडा गोल करताना नेहमी खालीच यायचं, १४० चे १५० करायचे नाहीत.

धनगरांच्या मेंढ्या-शेळ्यांचा विचार वेगळा करा. उघड्यावर चरणाऱ्या शेळीच्या दुधात, तेवढाच चारा दूषित असतानाही, गाईपेक्षा लिटरमागे कितीतरी जास्त सीझियम आणि आयोडीन उतरतं. शहरात ते दूध नगण्य, त्यामुळे सरासरीत दिसतच नाही. वाड्यावरच्या पोराच्या पोटात मात्र तेच जातं.

मोजता येत नाही त्याचं काय

स्ट्रॉन्शियम-९० आणि प्लुटोनियम गॅमा यंत्रावर दिसत नाहीत, त्यांना रासायनिक विलगीकरण लागतं आणि निकालाला दिवस जातात. यावर जपानने वापरलेला तोडगा चांगला आहे: मातीच्या नमुन्यांवरून सीझियमच्या तुलनेत स्ट्रॉन्शियम, प्लुटोनियम, रुथेनियम किती आहे ते गुणोत्तर काढायचं, त्यांचा डोस सीझियमच्या खात्यात टाकायचा आणि मर्यादा तेवढी खाली आणायची. मग बाजारात फक्त सीझियम मोजून भागतं. वरच्या उदाहरणात १४० वरून १०० वर येताना जी जागा उरते ती याच कामाची.

एकाहून जास्त समस्थानिक एकत्र सापडले तर प्रत्येकाचं मोजमाप त्याच्या मर्यादेने भागून बेरीज करा. ती १ च्या वर गेली की माल नापास. कोडेक्समध्ये एका गटातल्यांची बेरीज करायची आणि वेगवेगळे गट स्वतंत्र धरायचे असं आहे. स्वतःच्या हिशोबात ती सवलत घेऊ नये.

आयोडीन: इथे वर्षाचा हिशोब चालत नाही

आयोडीन-१३१ चं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं व्हायला लागणारा काळ, ८ दिवस. तान्हं मूल वर्षाला २०० लिटर दूध पितं आणि ते वर्षभर तितकंच दूषित राहतं असं धरलं, तर पूर्ण १ मिलिसिव्हर्टला मर्यादा १००० ÷ (२०० × ०.१८) = २८ बेकरेल निघते. हे गृहीतकच अशक्य आहे.

योग्य रीत अशी. ८.०२ दिवसांच्या अर्धायुष्याला ०.६९३ ने भागलं की सरासरी आयुष्य मिळतं, ११.६ दिवस. एकदाच पडलेल्या आयोडीनमधून पुढे कायमचं जेवढं पोटात जाईल, ते पहिल्या दिवसाच्या पातळीने ११.६ दिवस प्यायल्याइतकंच भरतं. रोज ०.७ लिटर धरलं तर ८.१ लिटर.

१००० ÷ (८.१ × ०.१८) ≈ ६८५ बेकरेल प्रति लिटर

प्रत्यक्षात गवतावरून आयोडीन धुवूनही जातं, त्यामुळे दुधातली पातळी ८ दिवसांपेक्षा लवकर निम्मी होते. तरीही ६८५ हा आकडा जाहीर करू नका. तो एकाच उत्सर्जनाचा आहे, आणि अणुभट्टी चार दिवसांनी पुन्हा वाफ सोडणार नाही याची हमी कोणी देत नाही. शिवाय आयोडीनचा सगळा मारा थायरॉइडवर असतो: १ मिलिसिव्हर्ट परिणामी डोस (सगळ्या शरीराच्या हिशोबाने धरलेला) म्हणजे थायरॉइडला साधारण २०. म्हणून जपानने आयोडीनच्या मर्यादा थायरॉइडच्या ५० मिलिसिव्हर्टवरून काढल्या होत्या: दूध आणि पाणी ३००, भाजी २०००, आणि १०० च्या वर गेलेलं बाळांना नाही. २२ मार्च २०११ ला टोकियोच्या कानामाची शुद्धीकरण केंद्रात २१० सापडले, तेव्हा मोठ्यांना नळाचं पाणी चालू राहिलं आणि बाळांच्या दुधासाठी बंद. एकाच नळाला दोन नियम, आणि दोन्ही बरोबर. इंग्लंडात ऑक्टोबर १९५७ च्या विंडस्केल अणुभट्टीतल्या आगीनंतर ठरलेली मर्यादा ३७०० होती. वरच्या सूत्रात ती घालून पाहा, तान्ह्या मुलाच्या थायरॉइडला १०० मिलिसिव्हर्टच्या वर जातात.

आयोडीनमध्ये वेळ आपल्या बाजूने असते. दुधाची भुकटी करून ८० दिवस ठेवली तर आयोडीन हजाराव्या हिश्श्यावर येतं. सीझियमला हा उपाय लागू नाही.

पहिले तीन दिवस

दुधातली आयोडीनची पातळी पडल्यापासून साधारण तिसऱ्या दिवशी शिखरावर जाते, आणि तेव्हा हातात फारसे निकाल नसतात. अशा वेळी बेकरेलची वाट पाहायची नाही. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा कामचलाऊ निकष आहे: जमिनीपासून १ मीटर उंचीवर ताशी १ मायक्रोसिव्हर्टच्या वर किरणोत्सार मोजणारा मीटर गेला, तर त्या भागातली उघड्यावरची पालेभाजी, चरणाऱ्या जनावरांचं दूध आणि पावसाचं साठवलेलं पाणी तपासणी होईपर्यंत बंद. पुण्याखाली बसाल्ट आहे, त्यात युरेनियम-थोरियम कमी, त्यामुळे नेहमीचा आकडा याच्या पुष्कळ खाली असतो आणि वाढ लगेच कळते. मीटर नेणारी माणसंही लांब नाहीत: राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन सुदुंबऱ्यालाच आहे.

ऋतू पाहा. मे महिन्यात गोठ्यात कडबा आणि मुरघास खाणाऱ्या, विहिरीचं पाणी पिणाऱ्या गाईच्या दुधात फार थोडं उतरेल. जुलैत, पावसाने सगळं खाली आणलेलं असताना हिरवं गवत, मका, लसूणघास कापून घातला, तर चित्र उलटं. पहिला आदेश दुधाबद्दल काढण्याआधी चाऱ्याबद्दल काढावा: जनावरं आत, वैरण झाकलेली, नवी कापणी बंद. नंतर सीझियमसाठी पशुखाद्यातून गाईला रोज ३ ग्रॅमपर्यंत प्रशियन ब्लू (सीझियमला पोटातच धरून ठेवणारं निळं रसायन) देता येतं, दुधातलं सीझियम त्याने बरंच खाली येतं.

मसाला, भुकटी, तूप

कांदा-लसूण मसाला कोणी पाव किलो खात नाही. थोडक्या प्रमाणात खाल्ल्या जाणाऱ्या मसाल्यांना कोडेक्स दहापट मुभा देतं, ती रास्त आहे. वाळवलेल्या पदार्थाला मर्यादा लावायची ती खाण्याच्या स्थितीत: दूध भुकटी पाण्यात कालवल्यावरची, चहा उकळल्यावरचा. भुकटीवर थेट ओल्या दुधाची मर्यादा लावली, तर चांगला माल नापास होतो, कारण पाणी गेल्याने किलोमागचे बेकरेल काही पटींनी वाढलेले दिसतात.

सीझियम पाण्याच्या बाजूला राहतं, स्निग्धांशात जवळपास जात नाही. मर्यादेवरच्या दुधाचं लोणी कढवलं तर तूप स्वच्छ निघतं, ताकात मात्र सगळं राहतं. ते ताक किंवा सेपरेट दूध भुकटीत अथवा वासरांना गेलं की संपलंच. चेर्नोबिलनंतर आयर्लंडहून आलेल्या लोण्याचं प्रकरण मुंबईहून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं होतं, १९८८ मध्ये त्याचा निकाल लागला. शास्त्र लोण्याच्या बाजूने असूनही लोकांची धास्ती गेली नव्हती, त्यामुळे तुपाचा मार्ग कागदावर सोपा आणि दुकानात अवघड आहे.

मोजणी, आणि ती कुठे फसते

हातातला गायगर मीटर मेथीच्या जुडीवर धरून १०० बेकरेल दिसत नाहीत. निसर्गात नेहमीच असणाऱ्या किरणोत्साराच्या पार्श्वभूमीतच ते बुडून जातात. मार्केट यार्डात असा मीटर घेऊन ‘भाजी सेफ आहे’ म्हणणारा दिसला तर त्याचं ऐकू नका, आणि ‘डेंजर आहे’ म्हणणाऱ्याचंही नाही. शिशाच्या कवचातला सोडियम आयोडाइड गॅमा स्पेक्ट्रोमीटर चाळणीसाठी आणि जर्मेनियम डिटेक्टर निर्णयासाठी, एवढं लागतंच.

नमुना वक्कलनिहाय, म्हणजे एका ठिकाणाहून आलेल्या मालाच्या लॉटनुसार, घ्या. एका आडत्याच्या गाळ्यावर तीन गावांची मेथी असेल तर ती तीन वक्कलं. प्रत्येकातून वरची, मधली, तळाची मिळून पाच-सहा जुड्या, मुळं कापून, २० सेकंद वाहत्या पाण्यात धुऊन, निथळून. धुण्याचं कारण माती. शेतातल्या मातीत किलोला ५००० बेकरेल असतील, तर किलोभर भाजीला चिकटलेली १० ग्रॅम माती ५० बेकरेल वाढवते. मग बारीक चिरून मॅरिनेली बीकरमध्ये, म्हणजे डिटेक्टरवर टोपीसारख्या बसणाऱ्या १ लिटरच्या भांड्यात, रेषेपर्यंत दाबून भरा आणि वजन लिहा. सैल भरलेली मेथी ३०० ग्रॅम बसते, दूध १ किलो. दुधाच्या प्रमाणकावर बसवलेलं यंत्र सैल मेथीला चुकीचा आकडा देतं. प्रत्येक नमुन्यामागे बीकरला नवी पिशवी घाला, नाहीतर एका दूषित वक्कलाने दिवसभराचे निकाल बिघडतात.

सोडियम आयोडाइड यंत्र जवळजवळच्या रेषा, म्हणजे गॅमा किरणांच्या ठरावीक ऊर्जा, वेगळ्या काढू शकत नाही. सीझियम-१३७ ची रेषा ६६२ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टला, आणि आयोडीन-१३१ ची एक छोटी रेषा ६३७ ला. पहिल्या महिन्यात आयोडीनच सीझियम म्हणून मोजलं जाण्याचा धोका आहे. सीझियम-१३४ च्या ६०५ ला रेडॉनच्या पोटातला बिस्मथ-२१४ त्याच्या ६०९ ने चिकटतो, म्हणून खोलीत हवा खेळती ठेवा.

आणि पोटॅशियम. त्यातला नैसर्गिक पोटॅशियम-४० ग्रॅममागे ३१ बेकरेल देतो: दुधात लिटरला ५० च्या आसपास, केळ्यात किलोला शंभराच्या वर, तूरडाळीत ४०० च्या घरात. कोणत्या मूलद्रव्याचे ते न पाहता सगळे बीटा किरण एकत्र मोजून ‘एकूण बीटा १०० बेकरेल’ अशी चाळणी लावली तर प्रत्येक डाळ नापास होईल. पोटॅशियम वजा करूनच बीटाचा आकडा वाचायचा. (लासलगावला कोबाल्टच्या किरणांखालून काढलेला कांदा यात येतच नाही. त्याने कांदा किरणोत्सारी होत नाही.)

मर्यादा १०० असेल तर चाळणी यंत्राला २५ बेकरेलपर्यंत दिसायला हवं, आणि ५० च्या वर दाखवलेलं प्रत्येक वक्कल जर्मेनियमकडे पाठवायचं. जपानमध्ये हेच प्रमाण वापरतात. जर्मेनियमवर ९२ अधिक-उणे १२ आलं तर काय करायचं, हे आधीच लिहून ठेवा. निकाल हातात आल्यावर ठरवलं तर बाजारातल्या ओरड्याप्रमाणे ठरतं. मध्यबिंदू मर्यादेखाली असेल तर पास, पण अनिश्चितता मर्यादेच्या दहाव्या हिश्श्याहून मोठी नको, असा नियम व्यवहार्य आहे. त्याप्रमाणे इथे १२ चालत नाहीत. जास्त वेळ मोजा. अनिश्चितता निम्मी करायला चौपट वेळ लागतो.

‘सापडलं नाही’ असा निकाल कधीच नुसता लिहू नका, ‘२५ च्या खाली’ असं लिहा. ५०० च्या खाली काहीच न दिसणाऱ्या यंत्रालाही काहीच सापडत नसतं.

आकडा खाली कधी आणायचा

मर्यादेबरोबर चार गोष्टी छापा: धरलेला डोस, ताटातले किलो, दूषित वाटा आणि पुनर्विचाराची तारीख. पहिला पुनर्विचार महिन्याने, आयोडीन ओसरल्यावर. दुसरा पुढच्या सुगीला, कारण तोवर सीझियम पानांवर न राहता मुळांतून येऊ लागलेलं असतं आणि दूषित वाटे पूर्ण बदलतात. सीझियम-१३४ दोन वर्षांत निम्मं होतं, त्यामुळे मिश्रणाचा गुणांक ०.०१६ वरून ०.०१३ कडे सरकतो आणि सूत्रातून मर्यादा वाढून निघते. ती वाढ घेऊ नका. युक्रेन आणि बेलारूस दोघांनीही काळ गेला तसे आकडे खालीच आणले, बेलारूसने १९९९ मध्ये दूध १००, बटाटा ८०, ब्रेड ४० आणि बालकांचं अन्न ३७ पर्यंत. या चार आकड्यांत रोज खाल्ल्या जाणाऱ्या ब्रेडला फार कमी मुभा आणि त्याहून कमी फक्त बाळांना, ही मांडणी आपल्याकडे भाकरी-पोळीला जशीच्या तशी लागू होते.